फेज डिस्प्लेने प्रतिपिंड निवडताना: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

प्रतिपिंड अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर बहुतेक नवोदितांकडे पहिले काम येते ते असे: एक शुद्ध केलेले प्रथिन हाती दिले जाते आणि त्याला घट्ट धरणारा प्रतिपिंड शोधायला सांगितले जाते. सोबत एक छापील कार्यपद्धती मिळते. तीत प्रत्येक बफरचे प्रमाण असते, पण कोणती पायरी कशासाठी आहे आणि ती कुठे फसते, हे मात्र नसते. ही वाट मी स्वतः चाललो असल्यामुळे त्या गाळलेल्या जागा भरण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. कोलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमा तंत्र मांडले, तेव्हापासून एकाच प्रकारचा प्रतिपिंड हवा तेवढा मिळू लागला. पण त्यासाठी प्राण्याला प्रतिजन (प्रतिपिंडाने ज्याला धरायचे ते प्रथिन) टोचावे लागे आणि निवडीचे काम प्राण्याच्या शरीरावर सोपवावे लागे. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये तंतूसारख्या फेजच्या, म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूच्या, पृष्ठभागावर परके पेप्टाइड दाखवता येते हे सिद्ध केले, १९९० मध्ये ग्रेगरी विंटर यांच्या गटाने त्याच पृष्ठभागावर प्रतिपिंडाचा तुकडा बसवला, आणि २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग या दोघांना मिळाला. या पद्धतीला फेज डिस्प्ले म्हणतात आणि तिचे तत्त्व साधे आहे. फेजच्या अंगावर प्रतिपिंड असतो आणि पोटात त्याच प्रतिपिंडाचे जनुक असते, त्यामुळे प्रतिजनाला चिकटलेला फेज उचलला की जनुकही हाती येते. मात्र ही निवड आंधळी असते. तुम्ही नळीत जी परिस्थिती मांडता तिच्यात जे टिकते ते वर येते, मग ते तुमच्या प्रतिजनाला चिकटलेले असो, प्लास्टिकला असो किंवा मण्यांना असो. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका वस्तुस्थितीतून निघतात.

आधी जमवायची कागदपत्रे आणि साहित्य

कागदपत्रांपैकी पुढील गोष्टी काम सुरू होण्यापूर्वी हाती असाव्यात:

- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी, कारण येथे जनुकीय बदल केलेले जिवाणू आणि फेज वापरले जातात.
- लायब्ररी, म्हणजे वेगवेगळे प्रतिपिंड वाहणाऱ्या फेजचा संग्रह, बाहेरून आणली असल्यास साहित्य हस्तांतरण करार. त्यातील व्यावसायिक वापराचे कलम आधीच वाचा. चांगला क्लोन, म्हणजे एकाच अनुक्रमाचा प्रतिपिंड, सापडल्यावर ते वाचणे फार महागात पडते.
- फेजमिडचा, म्हणजे प्रतिपिंडाचे जनुक वाहणाऱ्या आणि फेजमध्ये भरल्या जाणाऱ्या प्लाझ्मिडचा, नकाशा आणि संपूर्ण अनुक्रम.
- प्रतिजनाचा तपशील: कोणत्या पेशींत तयार केले, कोणते टॅग (ओळखीसाठी किंवा शुद्धीकरणासाठी जोडलेले तुकडे) आहेत, कोणत्या बफरमध्ये आहे.

साहित्यात टीजी-१ सारखी एफ-पिलस (पेशीवरचा केसासारखा तंतू) असलेली ई. कोलायची प्रजाती, एम१३केओ७ हा हेल्पर फेज (फेजमिडला फेजची बाकीची प्रथिने पुरवणारा), स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारे प्रथिन) लावलेले चुंबकीय मणी, एचआरपी (रंग आणणारे एन्झाइम) जोडलेला एम१३-विरोधी, म्हणजे फेजलाच धरणारा, प्रतिपिंड, ९६ वेलच्या प्लेट आणि फिल्टर असलेल्या पिपेट टिप्स लागतात. टिप्सवर काटकसर करू नका, कारण फेजचे तुषार पिपेटच्या दांड्यात शिरले की पुढच्या प्रत्येक प्रयोगात ते उतरत राहतात.

१. प्रतिपिंड कुठे वापरायचा आहे ते ठरवा

हा प्रश्न शेवटी विचारला जातो, पण तो पहिला असायला हवा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनाची घडी उलगडलेली असते, तर फ्लो सायटोमेट्रीत जिवंत पेशीवर ती जशीच्या तशी असते. एका परिस्थितीत निवडलेला प्रतिपिंड दुसरीत चालेलच असे नाही. वापर ठरला की प्रतिजन कोणत्या रूपात मांडायचे ते ठरते.

त्याच वेळी प्रतिपिंडाचे स्वरूपही निवडा. संपूर्ण आयजीजी सुमारे १५० किलोडाल्टनचा असतो, फॅब (त्याचा एक हात) सुमारे ५० चा आणि एससीएफव्ही (दोन परिवर्ती डोमेन एका दुव्याने जोडलेला तुकडा) सुमारे २७ चा. उंट-लामा कुळातील प्राण्यांच्या जड-साखळी प्रतिपिंडांपासून मिळणारा एकेरी डोमेन, म्हणजे नॅनोबॉडी, सुमारे १५ किलोडाल्टनचा असतो. एससीएफव्हीच्या लायब्ररी सर्वात सहज मिळतात, म्हणून पुढील वर्णन त्यांना धरून केले आहे. नॅनोबॉडी अधिक स्थिर असतात आणि एन्झाइमच्या खोल खाचेत पोहोचू शकतात, हे मात्र लक्षात असू द्या.

२. प्रतिजन तपासा, आणि पुन्हा तपासा

माझ्या मते फसलेल्या निवडींपैकी बहुतेक येथेच फसलेल्या असतात, कारण जेलवर एक स्वच्छ पट्टा दिसला की आपण प्रथिन शुद्ध आहे असे मानून पुढे जातो. एसडीएस जेल रेणूचे वजन दाखवते. प्रथिनाची घडी बरोबर आहे का आणि त्याचे गोळे झाले आहेत का, हे ती दाखवत नाही. म्हणून आकारानुसार विलगीकरण करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून प्रतिजन एकदा जाऊ द्या आणि एकच सममित शिखर मिळते का ते पाहा. प्रथिन एन्झाइम असेल तर त्याची क्रिया मोजा, आणि ग्राही असेल तर त्याचा ज्ञात जोडीदार त्याला चिकटतो का ते पाहा.

पॅनिंगसाठी, म्हणजे प्रतिजनावर फेज सोडून चिकटणारे निवडण्यासाठी, प्रतिजन थेट प्लास्टिकवर बसवता येते, पण प्लास्टिकला चिकटताना अनेक प्रथिनांची घडी अंशतः मोडते आणि मोडलेल्या रूपालाच धरणारे क्लोन वर येतात. शक्य असेल तेथे बायोटिन लावलेले प्रतिजन द्रावणात वापरा. बायोटिन लावताना दोन सापळे आहेत. एनएचएस-एस्टर हे अभिकर्मक मुक्त अमाइनशी जुळते. प्रतिजन ट्रिस किंवा ग्लायसिनच्या बफरमध्ये असेल तर अभिकर्मक बफरवरच खर्च होतो, म्हणून आधी पीबीएसमध्ये डायलिसिस करा. दुसरे असे की अभिकर्मकाचे प्रमाण जास्त झाले तर पृष्ठभागावरील बरीच लायसिन झाकली जातात, आणि तुम्हाला हवा असलेला भाग नेमका त्यांच्यातच असू शकतो. प्रतिजन स्वतःच तयार करत असाल तर त्याला अ‍ॅव्ही-टॅग जोडून बीरए एन्झाइमने एकाच ठरावीक जागी बायोटिन बसवणे केव्हाही चांगले.

टॅगकडेही लक्ष हवे. प्रतिजनाला एफसी (आयजीजीचा खालचा स्थिर भाग) जोडलेला असेल तर लायब्ररीतील काही क्लोन एफसीलाच चिकटतील. अशा वेळी मोकळा एफसी भरपूर प्रमाणात द्रावणात टाकावा, म्हणजे ते क्लोन त्याच्यावर अडकून पडतात.

३. फेज तयार करा

फेज ई. कोलायमध्ये एफ-पिलसमार्गे शिरतो. पिलस ३७ अंशांवर आणि वाढीच्या जोमदार टप्प्यावरच नीट तयार होतात. म्हणून ६०० नॅनोमीटरवरील ओडी (कल्चरची गढूळता) ०.४ ते ०.५ असतानाच संसर्ग करावा, आणि तो ३७ अंशांवर अर्धा तास न हलवता होऊ द्यावा. कल्चर बर्फावर ठेवून चहाला जाऊ नका. टीजी-१ मधील एफ-प्लाझ्मिड टिकवण्यासाठी पेशी प्रोलिनविरहित किमान माध्यमाच्या प्लेटवर राखाव्यात. समृद्ध माध्यमावर वारंवार वाढवलेल्या पेशी एफ-प्लाझ्मिड गमावतात आणि मग संसर्गच होत नाही.

फेजमिड असलेल्या पेशी वाढवताना माध्यमात १ ते २ टक्के ग्लुकोज ठेवावे, कारण लॅक प्रोमोटर बंद राहिल्याने पेशींवर प्रतिपिंडाचा भार पडत नाही आणि तुकडे गाळलेले, वेगाने वाढणारे क्लोन पुढे सरकत नाहीत. हेल्पर फेजचा संसर्ग झाल्यावर मात्र पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून ते माध्यम पूर्ण काढून टाका आणि अँपिसिलिन व कॅनामायसिन असलेल्या, पण ग्लुकोज नसलेल्या माध्यमात त्या ३० अंशांवर रात्रभर वाढवा. ग्लुकोज मागे राहिले तर फेज भरपूर मिळतील, पण त्यांच्या अंगावर प्रतिपिंड नसेल. टायटरवरून, म्हणजे फेजच्या संख्येवरून, हे कळत नाही, म्हणूनच ही चूक अनेक आठवडे लपून राहते.

सकाळी वरचे द्रव घेऊन पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि मिठाच्या द्रावणाने फेज खाली बसवा आणि टायटर मोजा. येथे एक हिशेब समजून घ्यावा. लायब्ररीत १० च्या १० व्या घाताइतके क्लोन असतील आणि तुम्ही १० च्या १२ व्या घाताइतके फेज वापरले, तर प्रत्येक क्लोनच्या सरासरी १०० प्रती येतात. फेजमिड पद्धतीत बहुतेक कणांवर एकही प्रतिपिंड नसतो आणि थोड्यांवरच एक असतो, त्यामुळे खरोखर स्पर्धेत उतरणाऱ्या प्रती त्याहून पुष्कळ कमी असतात. पहिल्या फेरीत फेज मोजून-मापून वापरण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

४. पॅनिंग: पहिली फेरी हळुवार, पुढच्या कठोर

पहिल्या फेरीत प्रत्येक चांगल्या क्लोनच्या मोजक्याच प्रती असतात. तेथे जे गमावले ते पुढे कधीच परत येत नाही. म्हणून पहिल्या फेरीत प्रतिजन सुमारे १०० नॅनोमोलर ठेवा आणि धुणे मर्यादित ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत प्रतिजन १० आणि मग १ नॅनोमोलरपर्यंत उतरवा, धुण्याची संख्या वाढवा. साधारणतः दोन ते चार फेऱ्या पुरतात. अधिक फेऱ्या केल्या तर उत्तम प्रतिपिंड मिळेल हा समज चुकीचा आहे. जास्त फेऱ्यांत विविधता संपते आणि जिवाणूत वेगाने वाढणारे मोजके क्लोन उरतात.

प्रत्येक फेरीचा क्रम असा ठेवावा:

- फेज आणि मणी दोन्ही वेगवेगळे ब्लॉक करा, म्हणजे कशालाही चिकटणाऱ्या जागा दुसऱ्या प्रथिनाने झाका.
- प्रतिजन न लावलेल्या मण्यांवर फेज आधी फिरवा आणि न चिकटलेले पुढे घ्या, म्हणजे स्ट्रेप्टॅव्हिडिनला धरणारे क्लोन गळून पडतात.
- मग बायोटिनयुक्त प्रतिजन घाला, थांबा, मण्यांनी ते उचला, आधी ट्वीन असलेल्या आणि नंतर साध्या पीबीएसने धुवा.
- चिकटलेले फेज सोडवून ताज्या टीजी-१ पेशींत उतरवा.

ब्लॉकिंगसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या दुधाच्या पावडरीत मुक्त बायोटिन असते. ते स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा अडवते आणि तुमचे प्रतिजन मण्यांना चिकटतच नाही. बायोटिनवर आधारलेल्या निवडीत मणी गाईच्या अल्ब्युमिनने ब्लॉक करावेत. शक्य असल्यास एका फेरीत स्ट्रेप्टॅव्हिडिनचे आणि दुसऱ्या फेरीत न्यूट्रॅव्हिडिनचे मणी वापरावेत, म्हणजे मण्यांना धरणाऱ्या क्लोनना सलग दोनदा संधी मिळत नाही.

फेज सोडवण्यासाठी १०० मिलिमोलर ट्रायइथिलअमाइन किंवा २.२ पीएचचे ग्लायसिन वापरतात. दोन्हींत दहा मिनिटांहून अधिक काळ फेज ठेवू नयेत, आणि लगेच ट्रिसने उदासीन करावे. काही फेजमिडमध्ये प्रतिपिंड आणि त्याला फेजवर धरून ठेवणारे पी-३ प्रथिन यांच्यामध्ये ट्रिप्सिनने तोडता येणारा दुवा असतो. तसा असल्यास ट्रिप्सिनच वापरा, कारण मग अतिशय घट्ट चिकटलेले, आम्लालाही न दबणारे क्लोनही सुटून येतात.

प्रत्येक फेरीला आत घातलेल्या आणि बाहेर आलेल्या फेजचा टायटर नोंदवा, आणि तीच फेरी प्रतिजनाशिवायही समांतर चालवा. प्रतिजनासह आणि प्रतिजनाविना येणारी संख्या जवळपास सारखीच वाढत असेल, तर तुम्ही मणी किंवा नळी यांना चिकटणारे फेज गोळा करत आहात.

आता स्वच्छतेविषयी, कारण यात हयगय झाली तर सगळी प्रयोगशाळा ठप्प होते. एम१३ जिवाणूला फोडत नाही, फक्त त्याची वाढ मंदावतो. म्हणून दूषण डोळ्यांना दिसत नाही. कोरडे पडूनही तो टिकतो, आणि बाकावर अल्कोहोल फिरवल्याने तो संपला असे मानता येत नाही. ब्लीचचे ताजे द्रावण वापरा, कचरा ऑटोक्लेव्ह करा आणि संसर्ग न केलेल्या टीजी-१ पेशी अँपिसिलिनच्या व कॅनामायसिनच्या प्लेटवर प्रत्येक वेळी लावा. त्या प्लेटवर एक जरी वसाहत आली तरी त्या दिवशीचे आकडे विश्वासार्ह नाहीत.

५. एकेक क्लोन एलायझाने तपासा

आधी प्रत्येक फेरीच्या मिश्र फेजवर एलायझा (चिकटणे रंगातून दाखवणारी चाचणी) करून कोणत्या फेरीत संकेत वाढला ते पाहा आणि मग त्या फेरीतील एकेक वसाहत ९६ वेलच्या प्लेटमध्ये वाढवा. प्रत्येक क्लोनसाठी किमान तीन वेल लागतात: प्रतिजन, फक्त स्ट्रेप्टॅव्हिडिन आणि प्रतिजनाशी संबंध नसलेले पण त्याच टॅगचे प्रथिन. शेवटचा वेल जागा वाचवण्यासाठी सर्वात आधी वगळला जातो. टॅगला चिकटणारे क्लोन नेमके त्याच्यामुळे उघडे पडतात, म्हणून तो ठेवाच.

ज्या वेलचा रंग सर्वात गडद तो क्लोन सर्वात चांगला, असे मानू नका. रंगाची तीव्रता त्या क्लोनने किती फेज तयार केले आणि त्यांच्यावर किती प्रतिपिंड होते यावरही अवलंबून असते. येथे फक्त चिकटतो की नाही एवढेच ठरवायचे असते; क्रमवारी पुढे लागते.

६. अनुक्रम वाचा

चिकटणाऱ्या सगळ्या क्लोनचे अनुक्रम काढा आणि सहाही सीडीआर (प्रतिजनाला भिडणारे वळसे), विशेषतः जड साखळीचा तिसरा, ओळीत लावून पाहा. एकच क्लोन अनेकदा आला तर तो अधिक घट्ट असेलच असे नाही. तो अधिक वेगाने वाढणाराही असू शकतो. एकदाच आलेले क्लोनही पुढे न्या.

टीजी-१ मध्ये टीएजी हा थांबा-कोडॉन ग्लुटामाइन म्हणून वाचला जातो. संश्लेषित लायब्ररीच्या सीडीआरमध्ये तो कधी कधी दडलेला असतो. अशा क्लोनचा फेज उत्तम चिकटतो, पण तोच प्रतिपिंड सस्तन पेशींत तयार करायला घेतला की प्रथिन अर्धवट तुटते. तो आत्ताच शोधून सीएजीने बदला. याच बैठकीत सीडीआरमधील एकटे सिस्टिन, ग्लायकन बसण्याची एन-एक्स-एस किंवा एन-एक्स-टी (ही अक्षरे अमिनो आम्लांची चिन्हे आहेत) ही जागा आणि कालांतराने बदलणाऱ्या एन-जी व डी-जी या जोड्याही नोंदवून ठेवा.

७. प्रतिपिंड विद्राव्य रूपात तयार करा

पेशीद्रवातील वातावरणात डायसल्फाइड बंध तयार होत नाहीत, म्हणून पेलबी या संकेत-पेप्टाइडच्या साहाय्याने एससीएफव्ही पेरिप्लाझममध्ये (जिवाणूच्या दोन पटलांमधल्या जागेत) पाठवला जातो आणि तेथून साखर व ईडीटीएच्या बफरने बाहेर काढला जातो. हे द्रव थेट निकेलच्या स्तंभावर घालू नका. ईडीटीए निकेल ओढून घेते, स्तंभाचा निळसर रंग जातो आणि सहा हिस्टिडिनचा टॅग असलेले प्रथिन सरळ वाहून जाते. आधी डायलिसिस करा किंवा पुरेसे मॅग्नेशियम क्लोराइड घाला.

शुद्ध केलेला एससीएफव्ही आकारानुसार विलग करणाऱ्या स्तंभातून जाऊ देणे ऐच्छिक समजू नये. दोन डोमेनमधला दुवा साधारणपणे १५ अमिनो आम्लांचा असतो. तरीही काही क्लोनमध्ये एका रेणूचा डोमेन शेजारच्या रेणूच्या डोमेनशी जुळतो आणि सुमारे ५५ किलोडाल्टनचे दुक्कल तयार होते. दुवा पाच अमिनो आम्लांवर आणला तर दुक्कल हेच मुख्य रूप होते. पुढच्या मोजमापासाठी फक्त एकेरी रेणूचे शिखर घ्या आणि ते त्याच दिवशी वापरा.

८. अफिनिटी मोजा

अफिनिटी, म्हणजे पकडीचा जोर, मोजायला पृष्ठभाग प्लाझ्मॉन अनुनाद किंवा बायोलेयर इंटरफेरोमेट्री यांपैकी जे उपकरण उपलब्ध असेल ते चालेल. आकडे चुकतात ते बहुधा मांडणीमुळे. आयजीजीला दोन हात असतात. प्रतिजन पृष्ठभागावर दाट बसवून वरून आयजीजी सोडला, तर एक हात सुटला तरी दुसरा धरून राहतो आणि सुटण्याचा वेग असतो त्याहून खूप कमी दिसतो. म्हणून प्रतिपिंड पृष्ठभागावर बसवा आणि एकेरी प्रतिजन वरून सोडा. प्रतिजन स्वतःच दुक्कल असेल तर मांडणी उलटवून एकेरी एससीएफव्ही किंवा फॅब वरून सोडा.

दुसरी चूक वेळेची. सुटण्याचा दर सेकंदाला ०.०००१ असेल तर अर्धे रेणू सुटायला सुमारे ६,९३० सेकंद, म्हणजे जवळपास दोन तास लागतात. एक मिनिट निरीक्षण केले तर वक्र ०.६ टक्केच खाली येतो आणि सॉफ्टवेअर त्या जवळजवळ सपाट रेषेतून कोणताही आकडा काढून देते. निदान ५ टक्के घट दिसेपर्यंत थांबा. या उदाहरणात त्याला सुमारे ५०० सेकंद लागतील. प्रतिजनाच्या सांद्रता अपेक्षित केडीच्या (ज्या सांद्रतेला निम्म्या जागा भरतात तिच्या) दहाव्या भागापासून दहापटीपर्यंत पसरवा, आणि शून्य सांद्रतेचा नमुना व रिकामा पृष्ठभाग यांचे वक्र वजा करा. एवढे करूनही वक्र आणि सैद्धांतिक रेषा जुळत नसतील, तर गुंतागुंतीचे प्रारूप निवडण्याआधी प्रतिजनाचे गोळे झाले आहेत का ते तपासा.

९. आयजीजीमध्ये रूपांतर, आणि गरज पडल्यास सुधारणा

दोन्ही परिवर्ती डोमेन योग्य स्थिर भागांना जोडून एचईके२९३ पेशींत आयजीजी तयार करतात आणि प्रोटीन-ए स्तंभावर शुद्ध करतात. हलकी साखळी कप्पा आहे की लँब्डा हे अनुक्रमावरून नक्की करा आणि स्थिर भाग त्यानुसार घ्या. स्तंभातून आम्लात बाहेर आलेला प्रतिपिंड लगेच उदासीन करा, कारण काही क्लोन कमी पीएचला गोळा होतात.

रूपांतरानंतर प्रत्येक क्लोन पुन्हा तपासावा लागतो. काहींची पकड दुव्याच्या आधाराने टिकलेली असते आणि आयजीजीमध्ये ती ढिली पडते. काही मात्र आयजीजी म्हणून अनपेक्षितपणे उत्तम दिसतात. तेथे दोन हातांचा परिणाम वगळण्यासाठी फॅबवर मोजमाप करा. फॅबची अफिनिटी कमी भरली तर सीडीआरमध्ये बदल घडवून नवी छोटी लायब्ररी तयार करता येते. तिची निवड करताना बायोटिनयुक्त प्रतिजन चिकटल्यावर बायोटिन नसलेले तेच प्रतिजन भरपूर घालून काही तास थांबा. जे क्लोन मधल्या काळात सुटतात ते मोकळ्या प्रतिजनावर अडकतात, आणि मण्यांवर फक्त सावकाश सुटणारे उरतात. हा काळ किती ठेवायचा हे मूळ क्लोनच्या सुटण्याच्या दरावरून ठरते. तो दर आठव्या पायरीत नीट मोजला नसेल तर येथे अंदाजाने काम करावे लागते.